मुकाश आणि न धुतलेली चूल

डोंगरातल्या आमच्या ताश-बुलाक गावात दारूनं कुणी मरत नाही. माणसं मरतात ती हृदयानं. कालिबेक ट्रॅक्टरवाला ऐन थंडीत कालव्याच्या काठावर बर्फात आडवा झाला आणि सकाळी ओंडक्यासारखा कडक सापडला, तो हृदयानं गेला. वरच्या आळीतल्या दोघा भावांनी बाजारातली बिनचिठ्ठीची बाटली रिकामी केली. आधी डोळ्यांपुढं अंधार आला, मग जीव गेला. दोघांचं हृदय एकाच दिवशी बंद पडलं, असा योगायोग. मयताला आलेला माणूस दारात विचारतो, "कशानं?" घरचे सांगतात, "हृदय." तो मान हलवतो, आत जाऊन बसतो, आणि मेलेल्याच्या नावानं पहिला पेला उचलतो.

कुणाला खोटं पाडायला मी हे सांगत नाही. म्हातारीला दुसरं काम काय? खिडकीशी लोकर पिंजत बसायचं आणि रस्त्यावरून कोण सरळ चाललं, कोण वाकडं, ते बघायचं. तर गोष्ट मुकाशची आहे. तो माझा शेजारी. आमच्या दोन अंगणांमध्ये पॉप्लरची एक रांग आहे, आणि पॉप्लरच्या पानांतून काय काय ऐकू येतं हे ज्यानं ती लावली त्याला ठाऊक नसावं.

मुकाश चुली बांधतो. भात शिजवायच्या चुली नव्हेत. भिंतीएवढी, विटांची, पोटात नागमोडी वाटा असलेली चूल. संध्याकाळी शेण्या आणि कोळसा घातला की सकाळपर्यंत भिंत कोमट राहते. आमच्याकडे हिवाळ्यात थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठते, तेव्हा नवऱ्याशिवाय बाई राहू शकते, चुलीशिवाय नाही. नवऱ्याशिवाय मी राहतेच आहे. आणि मुकाशच्या चुलीसारखी चूल नारीनच्या या खोऱ्यात कुणाची नाही. धूर इतक्या गुपचूप वर जायचा की घरात आग आहे की नाही, हात लावून बघावं लागायचं.

त्याचा हा गुणच त्याला नडला. आमच्याकडे नवी वस्तू आली की ती धुवायची असते. पाण्यानं नव्हे, व्होडकानं. नवी गाडी आली, धुवा. नवा टेलिफोन आला, धुवा. ज्याला सगळे मानानं बाइके, म्हणजे थोरला भाऊ, म्हणतात त्या एसेनच्या नातीला नवा दात आला तेव्हा तोही धुतला, आणि धुणारे तिघं अंगणातच झोपले. न धुतलेली गाडी खड्ड्यात जाते आणि न धुतलेली चूल घरात धूर ओकते, हे आमच्याकडे लहान मूलही सांगेल. चूल धुताना पहिला पेला बांधणाऱ्याचा. चूल त्याला ओळखते म्हणे, तो प्यायला की तिचा घसा मोकळा होतो. मग दुसरा घरधन्याचा, तिसरा धुराड्याच्या नावानं, आणि पुढचे कशाकशाच्या नावानं ते कुणालाच आठवत नसायचं. मुकाशला मजुरी म्हणून धान्य मिळे, मेंढी मिळे, पण वर एक बाटली काखेत दिल्याशिवाय कुणी त्याला दाराबाहेर सोडत नसे. बाटली दिली नाही तर लोक म्हणतील, काय चिकट घर आहे. म्हणजे बघा, त्याला कुणी वाईट वागवलं नाही. गावानं त्याचा मान ठेवून ठेवूनच त्याला प्यायला लावलं.

तरुणपणी त्याला ते शोभायचं. चार पेल्यांनंतर गायचा, सहानंतर रडायचा, आणि सगळ्यांना मिठ्या मारून म्हणायचा, "तू माझं काळीज आहेस." आमच्यात सख्ख्या भावाला असंच म्हणतात, माझं काळीज. त्याची बायको झुराकान पॉप्लरच्या पलीकडून मला म्हणायची, "जिपार आपा, आज घरचे गात आले." मग म्हणायला लागली, "आज घरचे आले." मग, "घरचे आले का तुमच्या बाजूनं?" नवऱ्याचं नाव आमच्या बायका घेत नाहीत. झुराकाननं लग्नापासून कधी घेतलं नव्हतं. तिच्या तोंडी ते कायम 'घरचे', जरी ते घरी फारसे नसले तरी.

त्याला स्वतःला कळलं ते ओळंब्यामुळं. भिंत सरळ आहे का ते बघायला दोरीला शिशाचा गोळा बांधून सोडतात, तो ओळंबा. टपालवाल्या साकेनताईच्या शेजारी एका घरी तो काम करत होता, मी तिथं ताक घेऊन गेले होते. मुकाशनं दोरी धरली. गोळा डोलत राहिला. त्यानं दोरी दुसऱ्या हातात घेतली. तरी गोळा थांबेना.

मी म्हणाले, "वारा आहे का रे आत?"

तो हसला, पण डोळ्यांनी नाही. "आपा, सकाळचा आहे ना. अजून घेतली नाही मी."

मग त्यानं खिशातून बाटली काढून दोन घोट घेतले, थोडा वेळ भिंतीला टेकून उभा राहिला, आणि पुन्हा दोरी धरली. गोळा निमूट उभा. ते बघून मला जी भीती वाटली ती पडलेल्या दारुड्याला बघून कधी वाटली नव्हती.

त्याच हिवाळ्यात कालिबेक गेला. दोघं एका वयाचे, एका घोड्यावर बसून वाढलेले. कबरीवरून आल्यावर मुकाशनं बाटली कुंपणावर आपटून फोडली आणि झुराकानला सांगितलं, संपलं. तिनं कणकेचे बोरसोक तळून शेजारीपाजारी वाटले. आनंद ओसरायच्या आत तिसऱ्या दिवशी त्याला चुलीच्या दारातून उंदीर येताना दिसायला लागले. आधी एक, मग रांग. त्यांच्याशी तो भांडत होता, "ओळीनं या, ओळीनं." दुपारी फरशीवर पडला, तोंडाला फेस, अंग तारेसारखं ताठ. एसेन बाइकेनं त्याला आपल्या गाडीतून नारीनच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीण बाईनं झुराकानला झापलं, "इतकी वर्षं रोज पिणाऱ्यानं एका दिवसात तोडायची नसते. त्यानंच जीव जातो. इथं आणायचं, आम्ही औषध देऊन हळूहळू सोडवतो." आणि मग त्याचं पोट दाबून बघितलं, डोळ्यांची पापणी खाली ओढली. डोळे वाळलेल्या गवतासारखे पिवळे. यकृत आतून कडक होत चाललंय म्हणाली. अजून थोडं मऊ आहे, ते राखलं तर जगाल. पुन्हा प्यालात तर पोटात पाणी होईल, घशातल्या शिरा फुटतील, आणि मग माझ्याकडं आणायचीही घाई करू नका.

झुराकानला एवढ्यावर भरवसा नव्हता. तिनं खोंड विकलं आणि त्याला बिश्केकला नेऊन 'कोड' करून आणलं. ते असं असतं की तिथला माणूस एक सुई टोचतो, घशात काहीतरी गार फवारतो, डोळ्यांत डोळे घालून सांगतो, आता वर्षभरात एक थेंब जरी पोटात गेला तर जागच्या जागी मरशील. बस, एवढंच. बाकी सगळं काम भीती करते. मुकाश परत आला तो केफिरचा, आंबवलेल्या दुधाचा, वास घेतानाही नाक बाजूला करायचा.

झुराकानची आई बुरुल आपा तेव्हा मुलीकडं राहायला आली होती. ती माझ्याच वयाची, आम्ही एकाच डोंगरावर बकऱ्या राखल्या. तिची जीभ मेंढ्या कातरायच्या कात्रीसारखी. मला म्हणाली, "जावई आता मांजरासारखा बसून असतो. पूर्वी शिव्या द्यायला तरी विषय होता."

मी म्हणाले, "आता कौतुक कर."

"कौतुकाची सवय नाही मला. दात दुखतात."

पण रोज सकाळी त्याच्या ताटात सगळ्यांत आधी तिच्याच हाताचं लोणी पडायचं, हे मी खिडकीतून बघत होते.

मुकाशच्या गालावर रंग आला. ओळंबा हातात स्थिर झाला. आणि नेमकं तेव्हाच त्याचं काम सुटायला लागलं.

झालं असं की टपालवाल्या साकेनच्या घरी त्यानं चूल बांधली आणि धुवायच्या वेळी पेला हातात न घेता म्हणाला, "ताई, चहा द्या." साकेननं दिला. पण तिचं तोंड उतरलं. मुकाशनं सांगितलं होतं, माती ओली आहे, आठवडाभर दार उघडं ठेवून नुसत्या काटक्या जाळा. साकेनला धीर कुठला. दुसऱ्याच दिवशी तिनं आत कोळसा भरला. मला वासावरून कळलं, पण मला कुणी विचारलं नाही आणि मी आपणहून सांगायला गेले तर लोक म्हणतात चुगलखोर. माती तडकली, भेगांतून धूर आला, साकेन खोकत रस्त्यावर आली आणि तिनं गावभर एकच वाक्य पेरलं: चूल धुतली नव्हती.

टपालवालीच्या तोंडचं वाक्य म्हणजे टपालच. त्याच दिवशी दोन घरांनी मुकाशला निरोप पाठवला, सध्या नको, वसंतात बघू. वसंतात म्हणाले, शरदात बघू. कुणी शेजारच्या गावातला गवंडी आणला. त्याच्या चुली धुरकट, पण धुतलेल्या.

मुकाश माझ्या अंगणात येऊन बसायचा. हाताला काम नसलेला माणूस हात कुठं ठेवावे ते जाणत नाही. म्हणाला, "आपा, मी पीत होतो तेव्हा माझ्याकडून चुली बांधून घ्यायला लोक रांग लावायचे. आता शुद्धीत बांधतो तर नको म्हणतात."

मी म्हणाले, "तू थोडा वाकडा चालून दाखव. विश्वास बसेल."

तो हसला. पण घरी जाताना पॉप्लरखाली किती वेळ उभा राहिला.

उन्हाळ्यात मेंढ्यांबरोबर अर्धं गाव डोंगरावरच्या कुरणांत जातं. झुराकानला वाटलं, गावातल्या तोंडांपासून लांब गेलं तर बरं. एसेन बाइकेच्या तंबूशेजारी त्यांनी तंबू लावला, बुरुल आणि मीही बरोबर होतो. तिथं घोड्या, गवत, गार वारा, आणि दारात चामड्याच्या पखालीत घुसळलं जाणारं किमीझ. घोडीचं आंबवलेलं दूध. आमच्याकडे आजारी माणसाला किमीझ देतात, बाळंतिणीला देतात, छातीच्या दुखण्यावर शहरातून लोक खास ते प्यायला येतात. त्याला दारू म्हणणं म्हणजे आईच्या दुधाला दारू म्हणणं. नाकात झिणझिण्या येतात, डोकं जरा हलकं होतं, पण तो त्याचा गुणधर्म, असं आम्ही म्हणतो.

एसेन बाइके मनानं मोठा माणूस. मुकाशचे पिवळट डोळे बघून त्याला कळवळा आला. त्यानं स्वतः लाकडी वाडगा भरला आणि दोन्ही हातांनी पुढं केला. "घे, काळीज. व्होडका सोडलीस ते बरं केलंस. पण हे औषध आहे. यकृत धुऊन काढतं."

झुराकान म्हणाली, "बाइके, डॉक्टर म्हणाल्या होत्या..."

"डॉक्टरीण काय म्हणेल? तिची आजी कशावर वाढली?"

  खरं सांगायचं तर तिथं बसलेल्या आम्हा सगळ्यांना एसेनचंच बरोबर वाटत होतं. मुकाशनं वाडगा घेतला. तोंडाला लावला आणि डोळे मिटून घेतले, कारण बिश्केकच्या माणसानं सांगितलं होतं, एक थेंब. आम्हाला वाटलं तो चव घेतोय. तो मरायची वाट बघत होता.

मेला नाही. डोळे उघडले, घोड्या चरत होत्या, बुरुल आपा कुणालातरी शिव्या देत होती. दुसरा वाडगा घेतला. तरी मेला नाही. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की सुईत काही नव्हतं, फवाऱ्यात काही नव्हतं, इतके महिने त्याला ज्यानं धरून ठेवलं ती नुसती एका अनोळखी माणसाची धमकी होती. हे त्यानंच मला पुढं सांगितलं. म्हणाला, "आपा, मला आनंद व्हायला हवा होता, मी जिवंत होतो. पण असं वाटलं की कुणीतरी पाठीमागून हात काढून घेतला." संध्याकाळी तो मेंढपाळांच्या तंबूत गेला. तिथं व्होडका होती.

पुढचे दिवस सांगण्यासारखे नाहीत, आणि मी सहसा काही सोडत नाही. शेवटच्या सकाळी झुराकान ओढ्यावर पाणी भरत होती. मुकाश तोंड धुवायला खाली आला, वाकला, आणि ओढ्यात रक्त ओकला. थोडं नव्हे, भांडंभर. पाणी लाल झालं आणि तसंच खाली वाहत गेलं, जिथं आम्ही चहाचं पाणी भरत होतो. आणि मला हाक ऐकू आली, "मुकाश." पुन्हा, "मुकाश, मुकाश." मी चमकून बघितलं, कोण पुरुष हाक मारतोय. ती झुराकान होती. इतक्या वर्षांनी नवऱ्याचं नाव तिच्या तोंडून निघालं ते असं.

एसेनच्या गाडीतून पुन्हा तोच रस्ता. वाटेत एसेन एकच वाक्य म्हणत होता, "पण ते किमीझ होतं." डॉक्टरीण बाईनं रक्त थांबवलं, घशात नळी घालून फुटलेली शीर बांधली. मुकाश वाचला. पोटातलं पाणी काढलं ते बादलीभर होतं असं झुराकान म्हणते, मी अर्धी बादली धरते. निघताना बाईनं त्याला समोर बसवलं. व्होडका नाही, बिअर नाही, किमीझ नाही, घरी बनवलेलं बाजरीचं बोझोही नाही. तुमच्या यकृताला ही सगळी एकच. आणि आता मी धमकी देत नाही, म्हणाली. पुढच्या खेपेला शीर बांधायला वेळ मिळेलच असं नाही, खरं तेच सांगते. महिन्यातून एकदा येऊन माझ्याशी बोलून जा. रागानं आलात तरी चालेल.

शरद आला. आता मुकाशजवळ ना कोड होता ना काम. आणि अशात एसेन बाइके त्यांच्या दारात उभा राहिला. त्याची आई अंथरुणाला खिळलेली, नव्वदीची, तिच्यासाठी नवी खोली बांधली होती. तिला चूल हवी होती, आणि म्हातारी हट्टाला पेटली होती की मुकाशचीच. एसेनच्या मनात उन्हाळ्याचं ओझंही होतं. मुकाशनं थापी उचलली. पायांना सूज होती, शिडीवर चढताना दर पायरीला थांबायचा. पण जी चूल उभी राहिली, ती बघायला लोक निमित्त काढून यायचे. मीही गेले, निमित्ताशिवाय.

आणि मग धुवायचा दिवस. गाव बघत होतं. एसेनच्या घरची चूल न धुता पेटली आणि धूर झाला, तर मुकाशला पुन्हा कुणी हाक मारणार नाही. धुतली, तर पुन्हा हाक मारायला मुकाश राहणार नाही. हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं आणि प्रत्येकजण बोरसोक खात होता.

एसेननं पेला भरला. लहानसाच. उजव्या हाताला डावा हात लावून, मान झुकवून पुढं केला. मोठ्यानं लहानाला एवढा मान देणं म्हणजे काय ते आमच्यातलाच जाणे. "फक्त ओठाला लाव," हळूच म्हणाला. "माझ्या आईसाठी. बाकी मी पितो."

मुकाशनं पेला घेतला. घ्यावाच लागतो. आणि एकदा हातात घेतलेला पेला भरलेला खाली ठेवता येत नाही, ते तोंडावर थुंकण्यासारखं. झुराकान भिंतीशी उभी होती. तिचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. मी पेल्याकडं बघत होते. पेल्यातली व्होडका हलत नव्हती. हात स्थिर होता, आणि मला समजेना की ते बरं लक्षण की वाईट.

मुकाश म्हणाला, "बाइके, कालिबेक कशानं गेला?"

एसेन गोंधळला. "हृदय. सगळ्यांना माहीत आहे."

"तो दारूनं गेला. मी त्याच्याबरोबर पीत होतो, मी घरी पोचलो, तो नाही पोचला. वरच्या आळीतले दोघं दारूनं गेले. मला दारूचा आजार आहे, बाइके. मला ओठाला लावता येत नाही. ओठाला लावली की मी थांबत नाही, आणि थांबलो नाही तर तुमच्या आईच्या चुलीतली राख काढायला मी नसेन." आणि त्यानं वाकून तो भरलेला पेला गालिच्यावर, एसेनच्या पायांशी ठेवला.

 कुणी पेल्याकडं बघत होतं, कुणी मुकाशकडं, कालिबेकची बायको दाराकडं. तिचा चेहरा बघून मी मान खाली घातली. एसेनच्या गळ्याची शीर फुगली होती. आपल्याच घरात, आपल्याच हातचा पेला. तो चांगला माणूस होता, पण चांगल्या माणसालाही असा अपमान गिळायला वेळ लागतो, आणि वेळ देण्यासारखी परिस्थिती नव्हती.

तेव्हा बुरुल आपा गुडघे धरून उठली. "बरं झालं ठेवला," म्हणाली, जणू कुणी जेवणाबद्दल बोलतंय. "मी म्हणणारच होते. म्हाताऱ्या माणसाच्या खोलीतली चूल दारूनं धुतात का कुठं? एसेन, तुझी आई जिवंत आहे ना अजून? की घाई आहे?"

"काय बोलताय, आपा."

"नवी सून घरात येते तेव्हा चुलीत काय घालते? व्होडका?"

"चरबी," एसेन म्हणाला. ते तर सगळ्यांनाच माहीत. सून वाकते, आगीला चरबी देते.

"मग? नवी चूलही सूनच. तिला चरबी भरवायची, घरातल्या सगळ्यांत थोरल्या बाईच्या हातानं. बांधणारा त्या दिवशी कोरडा राहतो, नाहीतर चुलीला वाटतं हा आपला वाटा प्यायला. जुन्या लोकांत हेच होतं. बाटली तर कालची. विचारा जिपारला."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी आणि बुरुल एकाच डोंगरावर वाढलो, एकाच आजीच्या गोष्टी ऐकल्या. चुलीला चरबी भरवायची रीत आम्ही सुनेसाठी ऐकली होती. विटांच्या चुलीसाठी, बांधणाऱ्यानं कोरडं राहायची, असली कधी ऐकली नव्हती. तोपर्यंत कुणीच ऐकली नव्हती, कारण बुरुलनं ती त्याच क्षणी रचली होती.

"आमच्याकडे तर मेंढीच्या शेपटीचीच चरबी लागायची," मी म्हणाले. "दुसरी चालत नसे."

बुरुलनं माझ्याकडं एक नजर टाकली. लहानपणी दुसऱ्याच्या बागेतली जर्दाळू चोरताना टाकायची तशी.

शेपटीची चरबी आणली. एसेननं आईला उचलून चुलीपाशी आणलं. ती पोत्याएवढीही जड नव्हती. मुकाशनं तिच्या हाताखाली आपला हात धरला, दोघांनी मिळून चरबी आत सोडली. चरर झालं, ज्योत उडी मारून वर गेली, आणि आत, नागमोडी वाटांत, चुलीनं लांब श्वास घेतल्यासारखा आवाज झाला. सगळे धूर शोधत होते. छताकडं बघा, कोपऱ्यात बघा. धूर नव्हता. बाहेरून कुणीतरी सांगत आलं, धुराड्यातून सरळ वर चाललाय.

म्हातारी भिंतीला तळहात लावून बसली. "येतेय ऊब," म्हणाली.

एसेननं गालिच्यावरचा पेला उचलला. क्षणभर बघितलं. मग स्वतःच प्यायला, कारण भरलेला पेला कुणीतरी संपवायलाच हवा. पण दुसरा भरला नाही. मुकाशला म्हणाला, "चहा घेशील ना? की त्याचंही काही निघेल?"

"चहा घेईन, बाइके. साखर जास्त."

आता खोऱ्यातल्या खालच्या गावांतसुद्धा नव्या चुलीला चरबी भरवतात. परवा एक शिकलेला पोरगा मला समजावत होता की ही आपल्या पूर्वजांची फार प्राचीन रीत आहे, घोड्यावरून आले तेव्हाची. मी म्हटलं, असेल बाबा. बुरुल हसता हसता खोकत बसली. मुकाशनं त्या दिवशी जे खरं सांगितलं, त्याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. नुसतं एकदा, कालिबेकच्या वर्षश्राद्धाला, पाहुण्यानं सवयीनं विचारलं, "कशानं गेला होता?" आणि त्याची बायको चहा ओतता ओतता म्हणाली, "दारूनं." आणि ओतत राहिली.

गाव पीत नाही असं समजू नका. गाड्या अजून धुतल्या जातात, दातही. मुकाशचं पोट अजून मधूनमधून फुगतं, आणि काही दिवस तो कुणाशी बोलत नाही, पॉप्लरखाली उभा राहतो. अशा दिवशी बुरुल मुद्दाम त्याच्याशी भांडण काढते. तो महिन्यातून एकदा नारीनला जातो. रागानं जातो, हसत येतो, कधी उलटंही.

गेल्या आठवड्यात तो माझी जुनी चूल मोडून नवी बांधायला आला. मी म्हणाले, "माझ्याकडं चरबी नाही, दातही नाहीत."

"मग जीभ घाला चुलीत, आपा. पेटेल."

झुराकान खाली माती मळत होती. तिनं वर न बघता हाक मारली, "मुकाश, आधी कोपरा बघून घ्या." ओढ्यावर सुटलेलं ते नाव तिनं पुन्हा आत घेतलेलं नाही. सासरच्या बायका नाकं मुरडतात. मुरडोत.

त्यानं भिंतीशी ओळंबा सोडला. गोळा डोलला, डावीकडं, उजवीकडं, थोडा कमी, अजून कमी. त्यानं खिशात हात घातला नाही. दोरी धरून तो उभा राहिला आणि गोळा थांबेपर्यंत वाट बघत राहिला.